चुकलात तर बसा

केळुसकर सर चालायला लागले की त्यांच्या मागे टिकून राहणं हा आमच्या शाळेत एक वेगळाच विषय होता, फक्त त्याला मार्क नव्हते. बुटके, किरकोळ अंगाचे, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की आम्ही नववीतली दांडगी पोरं मुलुंड कॉलनीमागच्या टेकडीवर निम्म्यात धापा टाकत असायचो, तेव्हा हे वर पोचून एखाद्या दगडावर शेंगा सोलत बसलेले असायचे. आमच्याकडे बघून हसायचेसुद्धा नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं, निदान रागावता आलं असतं.

शाळेत त्यांचा विषय कार्यानुभव. म्हणजे पुठ्ठ्याची फाइल, सुतळीचं पायपुसणं आणि संक्रांतीच्या आधी पतंग. हा विषय शिकवणाऱ्या मास्तरांना टीचर्स रूममध्ये दाराजवळची खुर्ची मिळते. सरांना तीच आवडायची, कारण तिथून लवकर सुटता यायचं. मूळचे ते वेंगुर्ल्याकडच्या केळूसचे. मुंबईत येऊन जन्म गेला होता, वर्गात बोलायचे ते अगदी जपून, पुस्तकातलं. मालवणी बाहेर पडायची ती दोनच ठिकाणी. एक मासे घेताना, आणि दुसरं कुणासाठी जीव कळवळला की.

ऐंशी सालच्या सुमारास आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी कुठेतरी वाचलं की परदेशात शाळेतल्या मुलांकडून वर्षभर समाजसेवा करून घेतात, एखादी कला शिकवतात आणि शेवटी त्यांना मोठ्या माणसांशिवाय डोंगरातून चालवतात, त्यामुळे मुलं घडतात. बाईंनी लगेच 'व्यक्तिमत्त्व विकास व साहस भ्रमण योजना' सुरू केली. आम्ही तिला नुसतं 'भ्रमण' म्हणायचो. सेवा आणि कला शिकवायला सगळे शिक्षक तयार झाले. डोंगराची गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. केळुसकर सरांना कुणी विचारलं नाही, त्यांच्या अंगावर ते काम सरळ ढकललं. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपला सत्कारच झाला.

भ्रमणाचा शेवटचा टप्पा म्हणजे मुलुंडहून डोंगर ओलांडून पलीकडे बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जायचं. गाडीनं जायचं तर दादरला जाऊन उलटं यावं लागतं. डोंगरातून तीच दोन गावं शेजारी-शेजारी आहेत हे आम्हांला पहिल्यांदा सरांनी सांगितलं, तेव्हा निम्म्या वर्गाला ते खोटंच वाटलं. वनखात्याची परवानगी ते स्वतः खेटे घालून मिळवायचे. मुलांचे छोटे गट एकेक करून निघायचे, आणि सर आधीच पुढे जाऊन लेण्यांच्या पायऱ्यांवर बसायचे. वाटेत मदत करायची नाही, मागे-मागे फिरायचं नाही, ठरल्या जागी थांबायचं, असं त्यांनीच ठरवलेलं होतं.

आणि मुलांसाठी एक नियम होता. तो त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला होता की झोपेत विचारलं असतं तरी सांगितला असता. चुकलात तर बसा. इकडे-तिकडे धावायचं नाही, वाट शोधायची नाही, शहाणपणा करायचा नाही. जिथं कळलं की आपण चुकलो, तिथंच बूड टेकायचं, शिट्टी वाजवायची आणि वाट बघायची. कुणीतरी येतंच.

मी नियम मोडला, हे सांगायलाच नको. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. आमच्या गटात रतन नावाचा एक अतिशहाणा होता, त्याच्याशी दोन पाऊलवाटांवरून माझं वाजलं. तो म्हणाला डावी, मी म्हणाले उजवी. बाकीचे त्याच्या मागे गेले आणि मी रागानं उजवीकडून एकटी निघाले. थोड्या वेळानं वाट करवंदीच्या जाळीत शिरून संपली. तरी मी जाळीतून चालत राहिले, हाताला ओरखडे, डोळ्याला धार. शेवटी पायच उचलेना, तेव्हा बसले आणि शिट्टी वाजवली.

गट माझ्याशिवाय लेण्यांवर पोचला, तेव्हा सर मला शोधत मागे आले. ते ओरडत येतील असं मला वाटलं होतं. ते आले, माझ्याकडे न बघता शेजारी जमिनीवर बसले, एक बूट काढला, त्यातले खडे झाडले, तो परत घातला आणि म्हणाले, "पाणी आसा गो?"

मी माझी बाटली दिली. ते दोन घोट प्यायले, बाटली परत केली. मग विचारलं, "चुकलीस हे कधी कळलं?"

"लगेच."

"मग चालत का राहिलीस?"

 सर म्हणाले, "चुकणं सोपं आहे. आपण चुकलो हे स्वतःला सांगणं कठीण. बसलेलं मूल मी कुठूनही शोधून आणीन. चालत राहिलेल्यापुढे माझा इलाज नाही."

बस्स, एवढंच. सरांनी घरी सांगितलं नाही, शाळेत सांगितलं नाही. पुढे काही वर्षांनी, मी आणि रतन मोठे झाल्यावर भ्रमणात लहान मुलांबरोबर 'ताई' आणि 'दादा' म्हणून जायला लागलो, तेव्हा मी सरांना विचारलं की हरवलेल्या मुलाला पाणी द्यायचं सोडून तुम्ही त्याच्याकडेच का मागता? ते म्हणाले, "ते आधीच शरमेनं अर्धं झालेलं असतं. त्याला आणखी काय द्यायचं? त्याच्याकडून काहीतरी घ्यावं, मग ते ताठ बसतं." आम्हां दादा-तायांना त्यांनी हीच शिस्त लावली. पोचलं की आधी शेजारी बसायचं, मग पाणी मागायचं, मग बाकीचं.

भ्रमण पुरं करणाऱ्यांना शाळेनं बिल्ले करून आणले होते. सरांना ते पसंत पडले नाहीत. ते प्रत्येकाला वेगळी एक पितळी शिट्टी द्यायचे. माझी अजून किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, रतन पाच रस्त्याच्या चौकात भावाच्या सायकलच्या दुकानात बसायला लागला, तरी दर डिसेंबरात आम्ही दोघं रजा काढून जायचो. रतन म्हणायचा, "हिच्याशी भांडायला वर्षातून एक हक्काचा दिवस पाहिजे यार."

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात पहिला गट कान्हेरीला पोचला तेव्हा पायऱ्यांवर सर नव्हते.

असं कधी झालंच नव्हतं. मी त्या गटाबरोबरच होते. आधी वाटलं पाणी आणायला गेले असतील. मग सगळे गट आले तरी सरांचा पत्ता नाही. मुलांना रतनजवळ ठेवून मी आल्या वाटेनं मागे निघाले. खालच्या ओढ्याच्या काठी, ज्या वळणावरून ते शंभरदा गेले असतील, तिथं वाटेवरून न दिसणाऱ्या एका खडकावर सर बसले होते. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, अगदी शिकवल्यासारखे. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

मला बघून ते म्हणाले, "चुकलो."

  मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "सर, पाणी आहे का?" त्यांनी खांद्यावरची बाटली काढून दिली.  मी दोन घोट प्यायले आणि बाटली परत केली.

त्यानंतर बरंच काही आपोआप समजत गेलं. वर्गात एकाच तासाला तीच सूचना परत-परत देणं, नावं विसरणं, ऑफ तासाला वर्गावर जाणं, या सगळ्याची शाळेत आधीपासून कुजबुज होतीच. बाईंनी त्यांना रजेवर पाठवलं आणि भ्रमण तात्पुरतं बंद केलं. तात्पुरतं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. सुगंधाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना घेऊन परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेल्या, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी सरांना आजचा वार विचारला. सरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "सुट्टीचा नाही." डॉक्टर हसले. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, पण नंतर बाहेर येऊन तोच काकूंना फार मायेनं म्हणाला की हा मेंदूचा आजार आहे, वयाच्या आधी आलाय, तो वाढत जाणार, आणि याला औषध नाही.

काकूंनी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?"

"सांभाळायचं," डॉक्टर म्हणाले.

काकू म्हाडाच्या कॉलनीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या. मूलबाळ नाही. मशीन चालू असलं की सर दारातून निघून जायचे आणि काकूंना कळायचंही नाही. सरांचे थोरले भाऊ, मालाडचे नाना, धावत आले. नाना करड्या स्वभावाचे, पण भावावर जीव टाकणारे. त्यांनी येताना सुतारच आणला आणि दाराच्या अगदी वरच्या टोकाला एक नवी कडी बसवून घेतली. सरांचा हात तिथं पोचणार नव्हता. काकूंचाही स्टूल घेतल्याशिवाय पोचत नव्हता.

"ही लावून ठेवायची, सुगंधा. उद्या ट्रकखाली आला म्हणजे?"

काकू पदराला हात पुसत राहिल्या. "भावजी, त्या माणसाचं सगळं आयुष्य चालण्यात गेलंय. त्यांना कोंडू?"

मी मध्ये बोलायला नको होतं, घरातल्या माणसांची गोष्ट होती. पण गप्प बसते तर मी कसली. मी म्हणाले, "नाना, सर नुसते भटकत नाहीत. चुकलं की बसतात. बसलेला माणूस सापडतो. इथल्या सगळ्यांना आपण सांगून ठेवू, मी आहे, रतन आहे. शोधून आणू."

"आणि एखाद दिवशी नाही बसला तर?"

"ज्या दिवशी बसणार नाहीत, त्या दिवशी लावा कडी. मी स्वतः सांगेन लावायला."

नाना काकूंना म्हणाले, "पोरगी शब्द देतेय, ऐकलंस ना?" कडी तशीच राहिली, नवीकोरी, कुणीही हात न लावलेली.

पुढचं वर्षभर आम्ही सरांना गोळा करून आणत होतो. दुसरा शब्द नाही त्याला. कधी भाजी मार्केटात कांद्याच्या पोत्याशेजारी, कधी गोशाळा रोडच्या कोपऱ्यावर, पुष्कळदा शाळेच्या फाटकाबाहेर. काकू रोज सकाळी त्यांची बाटली भरून गळ्यात अडकवायच्या, बाहेर जावोत न जावोत. दुकानदारांना सवय झाली होती. रतनच्या दुकानात निरोप यायचा, "मास्तर बसलेत रे," की तो शटर अर्धं ओढून निघायचा. माझी ड्यूटी नसली की मी. पोचलं की शेजारी बसायचं, पाणी मागायचं. सर बाटली द्यायचे. सुरुवातीला त्याबरोबर "चुकलो" म्हणायचे. मग ते थांबलं, नुसती बाटली पुढे करायचे. मग एक दिवस बाटली देताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझं नाव त्यांच्या डोक्यातून गेलंय हे मला समजलं. मी घरी जाऊन आईशी उगाचच भांडले.

एकदा पाच रस्त्याच्या फूटपाथवर बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात. मी पोचले तेव्हा त्यांच्या पुढ्यात कुणीतरी चार आणे टाकून गेलं होतं. सरांनी ते नाणं उचलून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "कुणाचं तरी पडलंय. शाळेत जमा कर." मी ते घेतलं. काकूंना हे सांगितलं नाही, पण कुणीतरी सांगितलंच. त्या दिवसापासून काकू त्यांना रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसवायला लागल्या, लग्नाला निघाल्यासारखे. निदान भिकारी तरी कुणी समजू नये. याच्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं.

आमच्या कुणाच्याच हातात नव्हतं. मला आधी वाटायचं, आपण चांगलं काम करतोय, नानांना खोटं पाडतोय. पण नाना बरोबर ठरू नयेत म्हणून मी धडपडत होते आणि सर तिकडे रोज थोडे-थोडे कमी होत होते. त्यांचं बसणं तेवढं शिल्लक होतं. ते बसतात म्हणजे आपण चुकलोय हे त्यांना अजून कळतं. एवढ्यावर मी झोपत होते.

एकोणनव्वदच्या होळीनंतरची सकाळ. माझी दुपारची ड्यूटी होती, मी केस धुऊन बसले होते. खालून रतनची स्कूटर आणि हाका. "अगं चल, सर नाहीयेत. मार्केट बघितलं, शाळा बघितली, पाच रस्ता बघितला. कुठेच बसलेले नाहीत."

तशीच ओल्या केसांनी मागे बसले. कॉलनीच्या मागची टेकडी बघितली, स्टेशनच्या जिन्याखाली बघितलं. हिंदुस्थान चौकातल्या एका पानवाल्यानं सांगितलं, "मास्तर? ते गेले ना आग्रा रोडनं नाक्याकडे. झपाझप."

झपाझप. म्हणजे सर बसलेले नव्हते, चालत होते. रतनलाही समजलं होतं. त्यानं स्कूटर आग्रा रोडला घातली.

चेकनाक्याच्या अलीकडे सर दिसले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बाटली, पायात ते कॅनव्हासचे बूट. रस्त्याच्या कडेनं जकातीसाठी ट्रकांची रांग लागली होती आणि त्या ट्रकांच्या बाजूनं ते चालत होते. आणि काय चालत होते. वर्षभरात मी त्यांना पाय ओढत, भिंतीला धरत जातानाच बघितलं होतं. आज तीच जुनी चाल परत आली होती, मान वर, हात सैल. खरं सांगते, क्षणभर मला आनंदच झाला. वाटलं, बरे झाले सर.

स्कूटरवरून उडी मारून मी त्यांना गाठलं. "सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा प्रसन्न. "मागे पडू नको. मुक्काम जवळ आलाय."

"सर, आपण चुकलोय."

"कोण म्हणतं?" आणि वेग जराही कमी नाही.

"सर, थोडं बसू या ना."

"मुक्कामावर बसायचं."

मला त्यांच्याबरोबर पळावं लागत होतं. मी शेवटचं जे माहीत होतं ते केलं. "सर, पाणी आहे का?"

"पोचल्यावर," ते म्हणाले. "आत्ता थांबायचं नाही."

रतननं पुढून येऊन त्यांचा दंड धरला. सरांनी असा हिसडा दिला की तो मागे गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी कधीच पाहिली नव्हती. कुणी लुटारू अंगावर आल्यासारखे ते दोन ट्रकांच्या मधल्या फटीत सरकले. पलीकडे ठाण्याकडची वाहनं वाहत होती. रतननं हात वर करून दाखवले, सोडलं म्हणून. सर फटीतून बाहेर आले आणि पुन्हा चालायला लागले.

"रिक्षात उचलून घालतो," रतन कुजबुजला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पोरं गोळा करतो चार. दुसरं काय करणार तू?"

दुसरं काय करणार मी. चालत राहिलेल्यापुढे माझा इलाज नाही, हे त्यांनीच मला करवंदीच्या जाळीत सांगितलं होतं. रस्त्यानं जाणारा तो माणूस सगळ्या मुंबईत सर्वांत जास्त चुकलेला होता आणि त्याला तसं वाटतच नव्हतं. त्याला बसवणार कोण.

म्हणून मी बसले.  फूटपाथच्या कडेला, धुळीत, बूड टेकलं. निघताना उचललेलं किल्ल्यांचं जुडगं हातातच होतं. मी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. पहिली नीट वाजलीच नाही, तोंडात हुंदका होता. मग वाजली. ट्रकांचे क्लीनर माना बाहेर काढून बघायला लागले.

सर बरेच पुढे गेले होते. ते थांबले. मान वळवून कानोसा घेतला. मी पुन्हा वाजवली. ते वळले आणि त्याच चालीनं, भराभर, माझ्याकडे परत आले.

ते आले, माझ्याकडे न बघता शेजारी बसले. एक बूट काढला, उलटा करून झाडला, परत घातला. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे पाण्याची बाटली कुठे आहे ते बघितलं. माझ्याकडे बाटली नव्हती, मी घरातून तशीच आले होते. सर जरा अडखळले. मग स्वतःच्या गळ्यातली बाटली काढली, माझ्या हातात ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि मला विचारलं,

"पाणी आसा गो?"

मी बाटली पुढे केली. ते दोन घोट प्यायले आणि मला परत दिली. मी इतकी रडत होते की ती माझ्या हातातून पडतापडता राहिली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भिया नको. मी आसंय मां. तुझा घर खंय?"

मी त्यांच्याच घराचा पत्ता सांगितला. म्हाडा कॉलनी, तळमजला, दाराबाहेर तुळस. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला, नवीन ठिकाण असल्यासारखा. "चल, मी पावयतंय तुका."

हात धरून त्यांनी मला आणलं. सावकाश चालत होते, घाबरलेल्या मुलीला झेपेल इतकं. कुठं वळायचं ते मी सांगत होते आणि ते दरवेळी "बराबर" म्हणत होते. रतन मागून स्कूटर ढकलत येत होता. बंद स्कूटर एवढं अंतर का ढकलली, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.

काकू दारातच उभ्या होत्या. सापडलेली मुलगी सोपवावी तसा सरांनी माझा हात त्यांच्या हातात दिला. "ह्यां चेडू चुकलां," ते म्हणाले. "रस्त्यार बसलेलां. शाणां आसा, बसलां." काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग रतनकडे. रतननं मान हलवली. सर बसले नव्हते, हे त्यांना न सांगता समजलं.

नानांना दिलेला शब्द माझा होता. मीच बोलायला हवं होतं. 

सर मात्र दाराकडे बघत होते. वर, खाली, पुन्हा वर. आपल्या हद्दीत आलेलं मूल आपल्या हातून परत निसटू नये, अशी ती जुनी नजर. मग ते काकूंना म्हणाले, "दाराक कडी घाल. ह्यां परत खंय तरी जायत."

काकूंनी मशीनजवळचं स्टूल आणलं. ते जरा डुगडुगत होतं, तर सरांनी वाकून ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, बायको पडू नये म्हणून. काकू वर चढल्या. नवी कडी वर्षभर न वापरल्यानं ताठ झाली होती, पटकन लागेना.

"लागली?" सरांनी खालून विचारलं.

"लागली," काकू म्हणाल्या.

रतन बाहेर राहिला होता, मी आत. माझी दुपारची ड्यूटी होती, निघायला हवं होतं, आणि स्टूल तिथंच होतं. सर दारासमोर खुर्ची ओढून बसले. मी पुन्हा निघून जाऊ नये म्हणून ते माझ्यावर लक्ष ठेवून होते.